ताबा

चपलेचा एक पट्टा सुटला होता, दुसरा सुटायचा होता, तेवढ्यात तो आवाज आला. "उजवीकडून दोघं येतायत. तू थांब. थांब म्हटलं ना. अजून... अजून... हां, आता!" बंद दाराआडून आलेला, खालच्या पट्टीतला, एकेक शब्द सुटा करून ठेवलेला आवाज. ती भिंतीला हात टेकून एका पायावर तशीच उभी राहिली. अंगातून काहीतरी सळसळत गेलं. घरात तिच्या मुलाशिवाय कोणी नव्हतं, आणि तिच्या मुलाचा आवाज असा नव्हता. तिच्या मुलाला आवाजच नव्हता म्हणा ना. गेल्या वर्षभरात त्याच्याकडून तिला "हं", "नको" आणि "पाच मिनिटं" एवढंच ऐकायला मिळालं होतं, तेही बहुतेक वेळा पाठमोरं. आणि हा दाराआडचा माणूस कुणाला तरी थांबवत होता, कुणाला तरी पुढे काढत होता, घाबरलेल्या कुणाला तरी "मी आहे ना मागे, तू जा" असं सांगत होता. आणि ते ऐकताना पन्नाशीला आलेल्या त्या बाईला भर दुपारी, एका पायावर उभ्या उभ्या, असं वाटलं की आपणही जावं. कुठे ते माहीत नाही. पण तो म्हणतोय तर जावं.

कारण हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती स्वतः रोज तो काढत असे. विमानतळावरच्या एका अंधाऱ्या, थंडगार खोलीत, कानाला हेडफोन लावून ती रडारच्या पडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्यांशी बोलायची. अमुक उंचीवर या, डावीकडे वळा, जरा दमानं, तुमच्या पुढे एकजण आहे. प्रत्येक ठिपक्यात माणसं बसलेली. शेजारच्या काकूंना अजूनही वाटायचं की ती धावपट्टीवर उभी राहून झेंडे हलवते, आणि तिनेही तो गैरसमज कधी खोडून काढला नव्हता. खरं सांगायचं तर त्या खोलीतली चव सांगावी लागली असती, आणि ती सांगता येत नाही. दाटीची वेळ असते, चहूकडून ठिपके एकाच बिंदूकडे निघालेले असतात, आणि डोक्यातला सगळा केरकचरा, गॅस बंद केला का, नवरा सकाळी असा का बोलला, गुडघा का दुखतोय, झाडून काढल्यासारखा नाहीसा होतो. उरतो तो पडदा आणि पुढचं वाक्य. आपण आहोत हेसुद्धा उरत नाही, आणि ते न उरणं इतकं गोड असतं की सुट्टीच्या दिवशी तिला कधी कधी स्वतःचाच कंटाळा यायचा. नव्या पोरापोरींना शिकवताना ती म्हणायची, "घाबरलात की आवाज खाली आणा. वर नेऊ नका." आणि आता दाराआड आवाज खाली येत होता. ह्याला कोणी शिकवलं? ती आज लवकर घरी आली होती ती वार्षिक तपासणीमुळे. डॉक्टरांनी कानात बारीक बारीक शिट्ट्या वाजवून बघितल्या होत्या आणि "कान अगदी तरुण आहेत हो तुमचे" असं म्हणून तिला मोकळं केलं होतं. तरुण कान! घरात हा आवाज किती दिवस घुमत असेल कोण जाणे, आणि हे तरुण कान रोज दारावर टकटक करून "जेवायला चल" म्हणण्यापलीकडे गेले नव्हते.

रांगायला लागल्यावर ओट्याखालचे सगळे डबे बाहेर काढून स्वतः आत जाऊन बसायचा, म्हणून तो डबू. एकोणिसाव्या वर्षीही डबूच, आणि आता पुन्हा तसाच आत जाऊन बसलेला. कॉलेजात गेला तेव्हा सगळं ठीक होतं, निदान तसं दिसत होतं. मग सकाळी उठणं गेलं, मग आंघोळ गेली, मग परीक्षा गेली. शाळेतला मित्र दोनदा येऊन दारातून परत गेला, मग तोही यायचा थांबला. एक दिवस केर काढताना तिला त्याच्या टेबलामागे एक प्लास्टिकची बाटली सापडली. आधी तिला वाटलं सरबत उरलंय. मग कळलं. खेळ सोडून चार पावलांवरच्या संडासातसुद्धा जायला त्याला जमत नव्हतं. तिने ती बाटली रिकामी केली, धुतली, कचऱ्यात टाकली, हात पुन्हा पुन्हा साबणाने धुतले आणि कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, वर्गात त्याला मुलं टरकून असायची. एका संध्याकाळी त्याने कात्री आणली आणि चालू खेळात वायर कापली. डबू ओरडला नाही. उठला, बापाकडे बघितलं, आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटायला लागला, एका लयीत, जणू ते दुसऱ्याच कुणाचं कपाळ आहे. बापाने त्याला मागून कव घातली तेव्हा बापाचा चष्मा खाली पडून फुटला, आणि तिघंही त्या काचांमध्ये अनवाणी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाप स्वतःच नवी वायर घेऊन आला. दाराशी ठेवली. त्या वायरीचं वेटोळं उचलताना तिला नवऱ्याची जेवढी दया आली तेवढी कधीच आली नव्हती.

मग ती दोघं समुपदेशक बाईंकडे गेली. डबू आला नाही, अर्थातच. बाई वयाने लहान होत्या, पण बोलायला खमक्या. म्हणाल्या, "तास मोजत बसू नका. काय काय सुटलंय ते बघा. झोप, मित्र, अभ्यास, स्वतःचं अंग. आणि सुटतंय हे त्याला कळतं तरी थांबता येत नाही, तिथे दुखणं सुरू होतं. बरं, मला सांगा, त्याला तिथे काय मिळतं? विचारलंत कधी?" नवरा म्हणाला, "काय मिळणार? डोकेदुखी." बाई म्हणाल्या, "म्हणजे मुलगा मूर्ख आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?" डबू आणखी काहीही असेल, मूर्ख नव्हता. आणि आज, एका पायात चप्पल, एक पाय फरशीवर, तिला पहिल्यांदा वाटलं की त्या प्रश्नाचं उत्तर दाराच्या पलीकडे चालू आहे. तिची छाती धडधडायला लागली. भीतीने नव्हे. दाटीच्या वेळेआधी धडधडते तशी.

तिने दार ढकललं. खोलीत कोंदट वास होता, पडदे ओढलेले, आणि त्या अंधारात एक उजळ चौकोन. अगदी तिच्या खोलीसारखं. तिला हसूच आलं. डबूने मान न वळवता विचारलं, "काय?" "काही नाही. बघते." ती पलंगाच्या कडेला टेकली. त्याचे खांदे क्षणभर वर गेले, आता भाषण सुरू होणार म्हणून, पण भाषण झालं नाही आणि खांदे खाली आले. पडद्यावर एक उजाड शहर होतं, एक पूल होता, एक गोदाम होतं, आणि कोपऱ्यात छोटासा नकाशा. सगळे मोठ्या चित्राकडे बघत असतील. तिचे डोळे आपोआप नकाशावर गेले. पाच निळे ठिपके, ते आपले असणार. लाल मधेच दिसत, मधेच विझत. सुरुवातीला नुसती गर्दी. मग हळूहळू, जसं कामावर बसल्यावर होतं तसं, ती गर्दी उलगडली, कोण कुठून कुठे निघालाय ते कळायला लागलं. एक लाल ठिपका मघाशी गोदामापाशी विझला होता. तो कुठे जाणार? त्याला एकच वाट होती. तिने मनात वेळ धरली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, खालच्या पट्टीत, "डावीकडून, पुलाखालून, एकटा आहे. आत्ता दिसेल." डबूने विचारलं नाही, तुला कसं कळलं. वळून बघितलं नाही. तो वळला, तो पडद्यातला डबू, पुलाखाली बघितलं, आणि लाल ठिपका बाहेर येताक्षणी काम तमाम. हेडफोनमधून चिवचिवाट ऐकू आला, चार अनोळखी गळ्यांचा आरडाओरडा, पडद्यावर सोनेरी अक्षरं फुटली, आणि डबू खुर्चीसकट गर्रकन वळला. किती दिवसांनी तिला त्याचं तोंड समोरून दिसत होतं! डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले, कपाळावर त्या संध्याकाळची पुसट खूण, आणि त्या सगळ्यावर पसरलेलं एक वेडं हसू. "आई! तू... हे कसं काय?" "अरे, हेच करते ना मी दिवसभर," ती म्हणाली, आणि दोघंही फिदीफिदी हसत सुटली. हसताना तिच्या लक्षात आलं की तिची एक चप्पल अजून पायातच आहे.

पुढचे दिवस ती तरंगत होती. कामावरून आली की चहा हातात घेऊन ती त्याच्या पलंगावर. नवरा म्हणाला, "अगं, त्याला सोडवायचंय आपल्याला, की तू पण बसणार जोडीला?" ती म्हणाली, "अहो, आधी कुठे अडकलाय ते तर बघू द्या," आणि हे खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं. खरं असं की तिला मजा येत होती. भाजी निवडताना तिच्या डोळ्यांपुढे तो पूल यायचा. कामावर विश्रांतीच्या खोलीत इतर लोक गुडघेदुखीच्या गोष्टी करायचे आणि ती मनातल्या मनात गोदामाला वळसा घालायची. मग एका दुपारी, कामावर ऐन दाटीत, शिफ्टप्रमुख तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे एका ठराविक वेळेपलीकडे कोणीच पडद्यासमोर बसत नाही. दुसरा येतो आणि उठवतो, तो नियमच आहे. ते म्हणाले, "द्या." आणि ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाच मिनिटं." बोलली आणि गार पडली. तो सूर! तेच ओढलेले शब्द, तीच न वळलेली मान. शिफ्टप्रमुख वयस्कर, थट्टेखोर, त्यांनी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "उठा बाई. आभाळ तुमच्या नावावर केलेलं नाही." तिने एकेक ठिपका त्यांना समजावून दिला, ते "घेतला ताबा" म्हणाले, आणि ती उठली. प्रसाधनगृहात जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं. आरशातल्या बाईचे डोळे चमकत होते, आणि ती चमक तिने ओळखली. घरी खुर्चीसकट वळलेल्या तोंडावर बघितलेली. म्हणजे हे माझंच आहे, तिला वाटलं, माझ्याकडूनच आलंय त्याच्याकडे, ही भूक. फरक एवढाच की माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहतं. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो उत्साह, इतका की घरी जायला बस यायची वाटही तिला बघवेना. ती चालतच निघाली.

"डबू, तुला कोण उठवतं रे?" तिने दारातूनच विचारलं. तो दोन डावांच्या मधल्या वेळात होता, पडद्यावर एक चक्र फिरत होतं. "म्हणजे?" "म्हणजे तू थकलास की तुझी जागा कोण घेतं?" तो म्हणाला, "कोणी नाही. मी उठलो तर ती चौघं हरतात." "आणि नाही हरली तर?" तो खुर्चीच्या हाताचं रेक्झिन नखाने सोलायला लागला. "तरी उठून काय करू? उठलो की मी परत मीच असतो." ती तरुण कानांनी ऐकत राहिली. आणि तो बोलला. तुटक तुटक, चक्राकडे बघत. कॉलेजात पहिल्या महिन्यात त्याला कळेनासं झालं होतं, वर्गात सगळ्यांना कळतंय असं वाटायचं, मग एक दिवस तो गेला नाही, मग आठवडाभर गेला नाही, आणि कोणी विचारलंसुद्धा नाही. "एकानेसुद्धा नाही, आई. मी नव्हतो तर वर्गात जागा पण रिकामी दिसली नसेल. इथे मी पाणी प्यायला गेलो तरी ओरडतात, कुठे गेलास म्हणून." मग आवाज खाली न आणता, फाटक्या आवाजात, "मला माहितीये हे वाईट चाललंय. मी ठरवतो ना रोज. सकाळी ठरवतो. आणि हात आपोआप जातात. मलाच भीती वाटते." ते चक्र थांबलं आणि नवा डाव सुरू झाला. त्याचे हात खरंच आपोआप गेले. तिने ते जाताना बघितले. तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ती त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "ऐक. आमच्याकडे कोणी असंच उठत नाही. मागचा आधी नुसता ऐकतो. मग उठणारा त्याला सांगतो, कोण कुठे आहे, कुणाला काय सांगितलंय, लक्ष कुठे ठेवायचं. मग मागचा म्हणतो, घेतला ताबा. त्याने घेतला की मग बसायचं नाही. तुझ्या पोरांना सांग, आई येतेय." "तू?" "मी." "आई, तू मरशील. पहिल्या मिनिटात मरशील." "मरेन. तू सांग तर!"

आणि त्याने सांगितलं! पूल, गोदाम, गच्चीवरचा आपला गडी, तो घाबरट आहे त्याला एकटं सोडू नकोस, ही कळ पुढे जायला, ही उडी. तिने हेडफोन कानाला लावला, अजून गरम होता, आणि म्हणाली, "घेतला ताबा." ती पहिल्या मिनिटात मेली नाही, पण भिंतीत जाऊन अडकली, उडी मारायच्याऐवजी खाली बसली, आपल्याच एका गड्याच्या पाठीत गोळी घातली. कानात कोणीतरी किंचाळलं, "हा कोण आहे?" "मी त्याची आई," ती म्हणाली, तर लगेच एक मुलगी म्हणाली, "काकू, डावीकडे! डावीकडे!" डबू मागे उभा राहून हसता हसता खाली बसला, पुन्हा उठला, तिच्या खांद्यावर मूठ आपटत होता. मग खांद्यावरचा हात गेला. तिला न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज ऐकू आला. ती भिंतीतून सुटायच्या खटपटीत होती, पण तो पाण्याचा आवाज तिने नीट ऐकला. त्याच वेळी नवरा शाळेतून आला. दारात उभा राहिला. बायको पडद्यासमोर "मागून आला रे, मागून!" म्हणून ओरडतेय, आणि मुलगा ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून, बाहेरून सूचना करतोय. "घरात एक होता, आता दोन झाले," तो म्हणाला. कोणी लक्ष दिलं नाही. मग तो जवळ आला, चष्मा नाकावर सारून पडद्याकडे बघत राहिला, आणि त्याच्यातला मास्तर जागा झाला. "ही नदी चढावर कशी काय वाहतेय?" डबूने बघितलं. इतके महिने त्या नदीकाठी त्याचा मुक्काम होता आणि त्याला हे दिसलं नव्हतं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि बापाने त्याच्या उघड्या, ओल्या पाठीवर थोपटलं. बराच वेळ थोपटत राहिला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे एक आठवडा दार पुन्हा बंद होतं, आतून कडी, आणि ती मागे उभी राहायला गेली तेव्हा तो इतकं लागट बोलला की तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला. कधी ताबा देऊन तो उठायचा आणि खोलीच्या मध्यावर नुसता उभा राहायचा, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. ते बघवत नसे. आणि तिलाही स्वतःवर पहारा ठेवावा लागला. नवरा मागे येऊन "द्या बाईसाहेब" म्हणाला की उठायचं, असा करार तिने स्वतःहून केला. पण डबू बोलायचा. तो बोलतोय ह्याच आनंदात ती जिने दोन दोन पायऱ्यांनी चढायची. आणि एक दिवस, तिने विषय काढलेला नसताना, तो म्हणाला, "त्या बाईंकडे जाऊ या का? तू बाहेर बस. मी एकटा बोलेन."

जाताना बस विमानतळाच्या मागच्या रस्त्याने गेली आणि तो म्हणाला, इथेच उतरू, पुढचं चालत जाऊ, वेळ आहे. उन्हात त्याची कातडी कागदासारखी दिसत होती, चालणं दुखण्यातून उठलेल्या माणसाचं. कुंपणाशी ती दोघं थांबली. तिला जाणवलं की इतकी वर्षं विमानं उतरवूनही ती कधी अशी खाली उभी राहिली नव्हती. आणि ते आलं. आधी नुसता चकाकणारा कण, मग पंख, मग चाकं, मग एवढं पोट, आभाळभर, आणि आवाज असा की दात हलले. डबूने तिचं मनगट धरलं आणि तोंड उघडून ओरडला, काय ते ऐकू आलं नाही, ती पण ओरडली, गवत आडवं झालं, तिची ओढणी तोंडावर आली, आणि चाकं टेकली तेव्हा तिने टाळीच वाजवली. "हा ठिपका?" तो म्हणाला. "एवढा असतो? आणि त्यांना माहीत असतं, तू आहेस ते?" "आवाज माहीत असतो. कधी कधी उतरल्यावर थँक्यू म्हणतात." तो कितीतरी वेळ त्या विमानाकडे बघत राहिला. मग कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून म्हणाला, "अजून एक."

हे दोन शब्द तिने डाव संपल्यावर त्याच्या तोंडून किती वेळा ऐकले होते. जाळीत अडकलेल्या त्याच्या बोटांकडे बघताना तिला कळेना की ह्याला आनंद म्हणायचं की तेच दुखणं, आणि दोन्हींमध्ये रेघ आहे तरी कुठे. तिची स्वतःची नजरसुद्धा आभाळात पुढचा शोधायला गेली होती. दूर एक दिवा लागला. तो तिला आधी दिसला, मग त्याला. दिवा मोठा होत आला. तिने श्वास धरला, पंख आता दिसणार, आत्ता, आणि शेजारून आवाज आला, ना खालच्या पट्टीतला, ना मोजून ठेवलेला, थोडा घोगरा. "चल आई. त्या बाई थांबल्या असतील." "अरे, येतोय की तो!" ती म्हणाली. "येऊ दे ना," तो म्हणाला, आणि जाळीतून बोटं सोडवून चालायलाही लागला होता. ती ओढणी सावरत, जवळजवळ पळतच त्याच्या मागे निघाली. विमान दोघांच्या डोक्यावरून गेलं, रस्ताभर सावली धावत गेली, आणि त्याने मान वर करून बघितलं, तोंडभर हसला, पण पाय थांबले नाहीत.